इग्नातबाबाची घागर

मी, समाधान छगन बोरसे, वय सत्तावीस, राहणार भडगाव, जिल्हा जळगाव (हे कागदोपत्री, एरवी गाडी थांबेल तिथे), हे मृत्युपत्र जळगावच्या दवाखान्यात कॉटवर बसून स्वतःच्या हाताने लिहितो. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही, दारू पाजलेली नाही आणि बाटवलेलेही नाही. तिसरे मुद्दाम लिहिले, कारण भांडण त्याचेच आहे.

१. मी बारावी नापास. रावेरहून केळीच्या ट्रकवर क्लीनर होतो. पाच वर्षांपूर्वी साक्रीच्या पुढे ट्रक बंद पडला आणि रस्त्यालगतच्या मिशनमधल्या फादर सिल्वेस्तर यांनी जेवायला हाक मारली. फादर वसईचे, ऐंशीला टेकलेले. जेवण झाल्यावर म्हणाले, "जरा ग्रंथालयाची धूळ झटकतोस?" मी आठ महिने झटकत राहिलो. (ट्रक दुसऱ्याच दिवशी गेला. मालक अजून फोन करून शिव्या देतो. त्याला माझ्याकडून काही नाही.) तिथेच लॅटिन शिकलो, मग चर्चचा इतिहास, मग धर्मशास्त्र. पुढे पुण्यात पदवी नाही म्हणून प्रवेश मिळाला नाही, पण मागच्या बाकावर बसू दिले. एका प्राध्यापकांनी विचारले, "तुझी श्रद्धा नाही, तर हा अभ्यास कशाला?" मी म्हटले, "सर, केळीच्या रोगावर पीएचडी करणाऱ्याला तू केळ आहेस का असं विचारता का?" वर्ग हसला. ते हसले नाहीत. माझा निबंध न वाचता परत आला. तो निबंध मी त्यांनाच ठेवतो. पोस्टाने पाठवावा, रजिस्टर एडी.

२. माझी मोटारसायकल वडिलांना. ब्रेक आधी बघून घ्यावेत. फादरांचा लॅटिन शब्दकोश फादरांना परत. पहिली चौदा पाने आधीपासूनच नव्हती, मी फाडलेली नाहीत. पुसट शाई वाचायला सराफ बाजारातून घेतलेले सोनाराचे भिंग आणि माझ्या अकरा वह्या बहीण सारिकाला. वह्या रद्दीत घालू नयेत, चितेवर तर मुळीच नाही.

३. आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने घागरी भरतात. वर खरबूज, सांजोरी, आणि एकेक नाव घेऊन पाणी. शेवटची दोन नावे अशी: माझे खापरपणजोबा झिपरू, आणि त्यांचे वडील इग्नातबाबा. हे कसले नाव, असे शंभर वर्षांत कोणी विचारले नाही.

मिशनच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरात मला सन १९०० ची, छप्पन्याच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळातली नोंद सापडली. झिपरू, वय अंदाजे सहा, गाव भडगाव, मरणाच्या दारात असल्यामुळे घाईने बाप्तिस्मा दिला. वडिलांच्या रकान्यात लॅटिनमध्ये लिहिले आहे: 'इग्नोतुस'. म्हणजे अज्ञात. माहीत नाही. पोरगा वाचला, मोठा झाला, गावी परतला. बापाचे नाव काय म्हणून त्याने कधीतरी विचारले असेल आणि कोणीतरी रजिस्टरात बघून वाचून दाखवले असेल. (याला पुरावा नाही, अंदाज आहे. वही सातमध्ये तसेच लिहिले आहे.) तेव्हापासून आम्ही 'माहीत नाही' या माणसाला पाणी पाजतो आहोत.

४. हे घरी सांगण्याआधी फादरांना नुसते नाव सांगितले होते. ते उडालेच. "इग्नात म्हणजे इग्नेशियस! अरे, तू तर आमचाच निघालास!" मी पान उघडून भिंग हातात दिले. बराच वेळ बघून स्वतःवरच हसले. मग म्हणाले, "तरी झिपरूचा बाप्तिस्मा खरा. तो शिक्का पुसला जात नाही, समाधान."

"फादर, शिक्का झिपरूवर. माझ्यावर फक्त आधार कार्डाचा आहे."

तेव्हा फादरांनी माझ्या अंत्यविधीला जरूर यावे, मनात हवी ती प्रार्थना म्हणावी, पण हा आमचा होता असे कोणाला सांगू नये. मला गिरणेकाठी जाळावे.

५. घरी गेल्या आखाजीला काय झाले ते लिहून ठेवतो, नंतर कोणी फिरवू नये म्हणून. मोठे काका अभिमन आबा यांनी इग्नातबाबाची घागर उचलून अंगणात ठेवली. "पाद्रीनं नाव शे हाई. आपला घरमा कोनीबी बाटेल नही. ते पान फाडी टाक!"

मी म्हटले, "आबा, पाद्रीचं नाही. बाप माहीत नाही, असा अर्थ."

"मंग तं आनखीनच काढा! बेवारसले कसानी घागर?"

आई, कमलबाई, एवढेच म्हणाली, "नाव कोनतंबी राहो, पानी ते पानीच शे." तिचे कोणी ऐकले नाही. त्या पानाची झेरॉक्स आबांनी चुलीत घातली. मूळ पान मिशनमध्ये आहे, आणि आणखी सहा झेरॉक्स मी सहा ठिकाणी ठेवल्या आहेत. आबांनी शोधत बसावे.

६. आजोबांनी माझ्या नावावर केलेले गिरणेकाठचे वीस गुंठे मी सारिकाला देतो. अट एकच. दर आखाजीला इग्नातबाबाची घागर भरावी, नाव मोठ्याने घ्यावे. घरात भरू दिली नाही तर त्या वीस गुंठ्यांत भरावी, तिथे आबांचा बांधसुद्धा लागत नाही. छप्पन्याच्या सालात तो कोणीतरी माणूस स्वतः उपाशी राहून सहा वर्षांच्या पोराला मिशनच्या दारापर्यंत घेऊन गेला, की वाटेतच गेला, मला कळलेले नाही. पाच वर्षे शोधले. नाव सापडत नाही म्हणून त्याचे पाणी तोडायचा अधिकार आबांना नाही, फादरांना नाही, मलाही नाही.

७. मी मेल्यास माझी घागर त्याच्या शेजारी ठेवावी. मात्र दवाखान्याच्या रजिस्टरात माझ्या वडिलांचा रकाना कोणी कोरा सोडू नये. छगन झुलाल बोरसे. माहीत आहेत.

८. आणि वाचलो तर हे सगळे रद्द, कलम सहा सोडून. झिपरूलाही लोकांनी मरणाच्या दारात म्हणून नोंदले होते; त्यानंतर तो सत्तर वर्षे भाकरी खात होता. आखाजी तेरा दिवसांवर आहे. आबा, घागर मीच भरायला येतो.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि खालील दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली.

सही : समाधान छगन बोरसे

साक्षीदार :
१) संयम दलिचंद छाजेड, झेरॉक्सचे दुकान, जळगाव (सहा प्रती यानेच काढल्या)
२) सुलक्षणा मगन सोनवणे, सिस्टर (दवाखान्याच्या, चर्चच्या नव्हेत, आबांनी नोंद घ्यावी)

ठिकाण : जळगाव
तारीख : ६ एप्रिल २०२६