बारा चिंध्या

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९.४०
वेळ मुद्दाम लिहिते, पुढे लागेल. या वेळी मिस्त्रीनं इंजिनाचं मॅन्युअल माझ्या हातातून काढून घेतलं, बाकावर टाकलं, त्यावर गरम किटली ठेवली आणि म्हणाला, बाई, एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा हे पुस्तक कामाला आलं. खलाशी हसले. स्वयंपाकी तर पोट धरून हसला.
टगबोट माझी आहे. आमचे हे गेल्यापासून कागदावर होती, आता प्रत्यक्षात. इंजिनं दोन, एकेक आमच्या शाळेच्या स्टाफरूमएवढं. उजव्या इंजिनाचा चार नंबरचा सिलिंडर महिनाभर ठोके देतोय, कोणी आत कोंडल्यासारखे. डाव्यावर जहाजं ढकलायचं रोजचं काम चालू. कॅप्टन म्हणजे माझे धाकटे दीर. भाऊजींना तोंड आहे, पण ते जेवायला वापरतात.
मॅन्युअल इंग्रजीत आहे. इंग्रजी नीट वाचणारी बोटीवर मी एकटी. छत्तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, शिवणयंत्र डोळे मिटून उघडते आणि जोडते. इंजिन म्हणजे तेच, फक्त मोठं.
निश्चय: आजच ह्यांच्या केबिनमध्ये मुक्काम हलवणे. शुक्रवारी दुपारी चारला उजवं इंजिन सुरू (बंदराच्या ऑफिसला तसं कळवलं). आवाज न चढवणे.

दुपारी ३.१५
चढवला.

बुधवार, ५ मार्च
वेळापत्रक टाइप करून चिकटवलं. सकाळी दहा: पिस्टन उचलणे. मिस्त्री म्हणाला, समोरचं जहाज धक्क्याला लागू द्या, तोवर डावं इंजिन जोरात आहे, बोट हिसके देणार. मी म्हटलं, दहा म्हणजे दहा.
दहाला उचलला. १०.०७ ला बोटीनं जहाजाला ढुशी दिली आणि साखळीला टांगलेला पिस्टन झोपाळ्यासारखा निघाला. जाताना दिवा फोडला, हत्यारांची फळी उडवली. येताना चहा घेऊन आलेल्या स्वयंपाक्याला गाठलं. पुढचे दोन दात. रक्त बरंच. काल पोट धरून हसला होता. मी यातून काही निष्कर्ष काढत नाही, फक्त नोंद करते.
मिस्त्रीनं पिस्टन खांद्यावर झेलून थांबवला. मग म्हणाला, बाई, पुस्तकात याचं वजन दिलंय ना, ते याला वाचून दाखवा.
जहाज लागल्यावर भाऊजी खाली आले. दोष मला देता येईना म्हणून मिस्त्रीची कॉलर धरली. मिस्त्रीनं त्यांना शिडीवर आपटलं. भाऊजींनी पाना उचलला, मिस्त्रीनं हातोडा. मी लाकडी फूटपट्टी रेलिंगवर आपटली. दोघे थांबले. शिस्त लागते ती अशी. मारामारी मीच थांबवली, पण याबद्दल कोणी आभार मानले नाहीत.

गुरुवार, ६ मार्च
आज चार नंबरचं बेअरिंग बदललं. त्याआधी शाफ्ट घासून साफ करतात. घासलेला कीस तेलाच्या भोकांत जाऊ नये म्हणून मिस्त्री प्रत्येक भोकात चिंधी कोंबतो. किती कोंबल्या ते इंजिनाच्या दारावर खडूनं लिहितो आणि बाहेर काढताना मोठ्यानं मोजतो. एकही आत राहिली तर तेल अडतं आणि इंजिन मरतं, म्हणे. आज बारा लिहिल्या. अक्षर भयंकर. मी पुसून नीट काढलं.
चिंध्या मात्र बघवत नव्हत्या. कोणाच्या तरी जुन्या पायजम्याच्या, त्याही न धुतलेल्या. चार नंबरच्या भोकात मी आधी माझा स्वच्छ रुमाल आतपर्यंत सारला आणि वर त्याची चिंधी बसवली. मिस्त्रीला सांगितलं नाही. स्वच्छतेचा गाजावाजा करायचा नसतो, असं आमच्या मदर सुपीरियर सांगत.
बोर्डिंगमध्ये माझा कपड्यांचा नंबर २७ होता. वस्तूवर नंबर असला की गुन्हेगार लगेच सापडतो, हे मदरचंच. आजही माझ्या प्रत्येक रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्यानं २७ आहे. ह्यांच्याही रुमालांवर मी तोच घातला होता.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ३.४०
चिंध्या काढल्या. मिस्त्रीनं मोठ्यानं मोजल्या, बारा. पुन्हा मोजल्या, बारा. आता म्हणतो, तेलाचा पंप अर्धा तास चालवू, दारं उघडी ठेवू, एकेका बेअरिंगपर्यंत तेल पोचून गळतंय का ते बॅटरीनं बघू. मॅन्युअलमध्ये दहा मिनिटं लिहिलंय आणि चारला जहाज यायचंय. मी दारं लावायला सांगितली. तो म्हणाला, पुस्तक लिहिणारा कधी चार नंबरखाली पाठीवर झोपला होता का.
मी फूटपट्टी मारली. बोटांच्या सांध्यांवर, दोनदा.
साठीचा माणूस. त्यानं हात पँटला पुसला आणि दारं लावली.

संध्याकाळी ७
चारला सुरू केलं. चार मिनिटं इतकं सुरेख चाललं की मी घड्याळ बघून हसले. पाचव्या मिनिटाला चार नंबर किंचाळला. नंतर दार उडालं. मागोमाग पिस्टनचा दांडा, माझ्या मांडीएवढा, इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला, पिसाळल्यासारखा. उकळतं तेल छतापर्यंत. लोखंडाचे तुकडे सूं सूं करत जात होते. एका खलाशाची मांडी फाटली. मिस्त्रीनं मला खांद्यानं जमिनीवर पाडलं आणि उठून इंधन बंद केलं. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय.
मला पाडणं हा वेगळा गुन्हा. नोंद केली.

शनिवार, ८ मार्च
भाऊजींनी फुटलेल्या बाजूनं आत बॅटरी मारली. चार नंबरच्या भोकात कापड दिसतंय, म्हणाले.
म्हणजे तेरावी चिंधी. म्हणजे मिस्त्री मोजायला चुकला. त्याला कामावरून काढल्याचं पत्र दिलं: तेरावी चिंधी कोणाची, याचा लेखी खुलासा रविवारी दुपारी बाराच्या आत करावा.
पत्र त्यानं डाव्या हातात घेतलं. वाचून म्हणाला, बाई, मी बाराच मोजल्या. एकतीस वर्षांत एक चिंधी आत राहिली नाही, साहेबांना विचारा. मग साहेब नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. डाव्या हातानं हत्यारांची पेटी ओढत नेली. मदतीला गेलेल्या खलाशाला नको म्हणाला.
झोप छान लागेल असं वाटतं.

रविवार, ९ मार्च. सकाळी ८.१०
लागली नाही.
भाऊजींनी न्याहारीच्या टेबलावर माझ्यासमोर बशी ठेवली. रॉकेलनं धुतलेला कापडाचा तुकडा, तीन बाजू जळालेल्या. चौथ्या बाजूच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यात २७.
मी म्हटलं, सत्तावीस नंबर कोणाचाही असू शकतो. स्वयंपाकी तोंडावर पंचा धरून म्हणाला, असू शकतो बाई, आम्ही सगळेच भरतकाम करतो.
भाऊजी म्हणाले, वहिनी, दादा गेला तेव्हा त्याच्या खिशात हाच आकडा होता. आणि इतकंच बोलून जेवू लागले.

सकाळी ११
खाली जाऊन आले. शुक्रवारी मी उभी होते तिथे मागच्या लोखंडी भिंतीत इंजिनाचा तुकडा रुतलाय. फूटपट्टीनं मोजलं. जमिनीपासून चार फूट दहा इंच. मी पाच फूट एक आहे. दोनदा मोजलं.
उडून पडलेल्या दारावर खडूनं काढलेला १२ अजून आहे. माझ्या अक्षरात. फार सुबक.

सकाळी ११.४०
पत्राचा मसुदा, पाचवा. आधीचे चार फाडले, त्यांत कारणं होती.

मिस्त्री यांस,
आपल्याकडे मागितलेला खुलासा आता नको. तेरावं कापड माझं. आपण बरोबर मोजलं होतं. हे पत्र सर्व खलाशांना मोठ्यानं वाचून दाखवलं जाईल, मी स्वतः वाचेन. शनिवारचं पत्र रद्द. फूटपट्टी सोबत पाठवत आहे, तिचं काय करायचं ते आपण ठरवा. मॅन्युअल किटलीखाली आहे आणि तिथेच राहील.
उजवं इंजिन दुसऱ्या कोणाला उघडू देणार नाही. आपण परत येता की नाही, याचं लेखी उत्तर बुधवार, १२ मार्च, सकाळी दहाच्या आत मिळावं. डाव्या हातानं लिहिलेलं चालेल. अक्षराकडे पाहिलं जाणार नाही.