राखून ठेवलेली सलामी

खडकसांगवी,
बुधवार, १७ मे २०२३

स्वस्ति श्री सार्धद्विग्रामाधिपती, एका विहिरीच्या तृतीयांशाचे सार्वभौम स्वामी, निःशस्त्र, निःसैन्य व निर्द्रव्य श्रीमंत रणधीरराजे, संस्थान खडकसांगवी (विलीन), यांजकडून बेंबळीनिवासिनी ज्येष्ठ भगिनी सौ. राजनंदिनी अक्का हिच्या चरणी शिरसाष्टांग दंडवत. येथील क्षेम आहे, असे लिहिण्याचा प्रघात आहे.

ग्रीष्म प्रखर आहे. विहिरीवरील मोटार दग्ध झाली. तू फोन उचलत नाहीस, सबब हा खलिता बेंबळीच्या बाजाराला येणाऱ्या आपल्या शेजारच्या गिरिजाबाईंच्या हाती धाडतो आहे. त्यांनी तुझा निरोप अक्षरशः पोचवला: ‘त्याला म्हणावं, बाप गेला तरी बापाचा हुकूम न्हाय गेला.’

त्याविषयीच लिहायचे आहे. पण आपल्या घराण्यात मुद्द्याकडे थेट जाणे अशिष्ट मानतात, म्हणून पणजोबांपासून आरंभ करतो.

त्यांनी इंग्रज रेसिडेंटाकडे एका तोफेच्या सलामीचा मान मागितला होता. साहेबाने उत्तर दिले, आपल्या तोफेचा आवाज निजामाच्या मुलुखात जाईल आणि गोळा बार्शीच्या मामलेदाराच्या. प्रथम उभयतांची संमती आणावी. पणजोबांनी अपमान गिळला आणि लोहाराकडून उखळी घडवून घेतली: वीतभर उंचीचे, दारू ठासण्याचे लोखंडी भांडे. नियम केला, राजा निवर्तला तर एक बार, माहेरवाशीण वेशीत आली तर एक बार. साम्राज्य गेले, संस्थान गेले, तनखाही गेला. उखळी तेवढी उरली.

तू गॅरेजवाल्या योगीराजरावांना माळ घातलीस तेव्हा आबासाहेबांनी फर्मावले, ‘तिच्यासाठी उखळी वाजायची न्हाय.’ तू फर्मावलेस, ‘वाजल्याबिगर मी वेशीत पाय ठेवायची न्हाय.’ दोन्ही फर्माने एकाच ओसरीवर सुटली, आणि फर्मावणाऱ्यांची नाकेही एकसारखीच होती.

यंदाच्या लग्नसराईत आबांचे चित्त भ्रमले होते. कुठल्याही वरातीत तेरखेड्याच्या फटाक्यांतला बॉम्ब फुटला की उठून बसत.

‘नंदा आली. वाजली बघ.’

‘आबा, वरात आहे.’

‘वरातीचं कोण इचारतंय तुला? भाकरतुकडा आण, ओवाळायला. पोरगी उन्हात उभी हाय.’

मी एकदा खरोखरच भाकरीचा तुकडा घेऊन वेशीपर्यंत जाऊन आलो. तेवढे केल्याविना ते निजेनात.

जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र ते पूर्ण शुद्धीवर होते. पिढ्यान्‌पिढ्या उखळी ठासणाऱ्या घरातल्या धोंडप्पाला त्यांनी बोलावून घेतले.

‘दारू किती हाय?’

‘एका बाराची, सरकार. सुटी दारू आता परवान्याबिगर कुणी देईना.’

‘मग माझ्या वेळी वाजवू नको. ती नंदाची हाय.’

‘म्हंजे राजा मुक्यानंच जायचा व्हय?’

‘इंग्रजानं तरी कुठं वाजवू दिली हुती?’ म्हणाले, आणि हसले. फार दिवसांनी हसले.

म्हणून गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी त्यांची यात्रा निःशब्द निघाली. धोंडप्पा खांदेकऱ्यांत होता. सारा गाव त्यांच्यामागे ओढ्याकडे उतरला होता आणि त्याच वेळी तू वेशीबाहेर उभी होतीस, हे मला गिरिजाबाईंकडून दोन दिवसांनी कळले. तू थांबलीस, ऐकलेस, आणि परत गेलीस.

उखळी ठासलेली होती, अक्का. बत्ती द्यायला मागे कोणी उरले नव्हते. तू जे मौन ऐकलेस तो त्यांचा हुकूम नव्हता. तो एकुलता बार त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवला होता.

येत्या रविवारी तेरावा आहे. योगीराजरावांना घेऊन ये. धोंडप्पा सकाळपासून वेशीत बसेल. भाकरतुकडा या खेपेस वाया जाऊ नये, एवढीच या अधिपतीची याचना आहे.

तुझ्या पाठचा,
रणधीर

ता.क. उखळी ज्या दगडावर ठेवायची, नेमक्या त्याच दगडावर काल बाबूरावाची उसाची रिकामी ट्रॉली चाक बसून रुतली आहे. जॅक मागितला तर तो म्हणतो, ‘राजे, जॅक पाव्हण्याकडं गेलाय, यील की.’ कधी येईल, ते सांगत नाही.