पत्र्याचा आवाज

प्रिय धाकटे,

काल भाऊजींना बघायला आलो आणि तुझ्याशी धड न बोलताच निघालो. "दादा, चहा तरी घे," असं तू दारातून म्हणालीस. घशाखाली उतरला नसता गं.

भाऊजी माझा हात धरून म्हणाले, "तुमचं यंत्र ठार बहिरं निघालं हो! माझा पाय गेला, त्याला पत्ताच नाही." आणि स्वतःच हसले. चौकशीतही सगळे हेच म्हणताहेत. अपघात ऐकू येत नसेल तर यंत्रं हवीत कशाला, काढून टाका.

माझं काम तुला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या खांबांवर बसवलेली यंत्रं आवाज टिपतात. धडकेसारखं काही वाजलं की तो तुकडा माझ्या कानाशी येतो. खरी धडक असेल तर मी रुग्णवाहिका पाठवायची, नसेल तर कारण लिहून तो निकालात काढायचा. शाळेत गुरुजी म्हणायचे, याचे कान तेवढे हुशार. दोन वर्षांत अकरा माणसं वेळेत दवाखान्यात पोचली. दर वेळी देवाचे आभार मानले, आणि खरं सांगतो, स्वतःचीही पाठ थोपटली.

भाऊजी गाडीवरून पडले त्या वळणावर एका गॅरेजच्या छपराचा पत्रा सुटला होता. वारा आला की धाडकन वाजायचा. यंत्र म्हणायचं 'धडक', मी लिहायचो 'पत्रा'. दिवसातून दहादा. ऑफिसातले लोक मला पत्रेवाले काका म्हणू लागले. "काका, तुमचा पत्रा आला!" शेवटी गॅरेजवाल्याच्या मागे लागून मीच तो ठोकून घेतला. तो सोमवार होता.

भाऊजी मंगळवारी पडले. यंत्राने ऐकलं होतं, धाकटे. तुकडा माझ्याकडे आला होता. मी तो पुरता ऐकलाही नाही, सवयीने 'पत्रा' लिहून मोकळा झालो. भर दुपारच्या त्या ओस रस्त्यावर ते चाळीस मिनिटं पडून होते. अर्धा तास आधी आणलं असतं तर पाय वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. उद्या हे सगळं लेखी देणार आहे. नोकरी गेली तरी चालेल, यंत्रं राहिली पाहिजेत. तीन आठवडे देवाला रोज सांगतोय, पण तो उलट काही विचारत नाही. तू विचारशील, म्हणून आधी तुला लिहिलं. भाऊजींना तू सांगू नकोस, ते माझ्याच तोंडून कळायला हवं. मी घरी येऊ का, एवढं कळव.

तुझाच,
दादा