संथ लावलेली तबकडी

बाबा,

पत्र लिहायचं तीन वर्षं टाळलं. मी पाळण्यात असताना तुम्ही घर सोडून गेलात. उरली तुमच्या गाण्याची एक तबकडी आणि तुमची ही बेलबॉटम. कमरेत ढगळ होते, पण घातलीय. तबकडीचं चित्र आज मनगटावर गोंदवून घेतलं, इथंच दुकानात बसून लिहितेय.

आपल्या काली शहरात साल्सा नाचायला सगळे तबकडी जास्त वेगानं पळवतात, म्हणून मला तुमचा आवाज बारीक, घाईचाच ठाऊक. गोंदणारा येसीद बाहेरगावचा. त्यानं ती मूळ संथ वेगानं लावली.

"हा कोण गातोय?"

"तुझाच बाप ना, येडे? तूच दिलीस तबकडी!"

केवढा जाड, निवांत आवाज! मग आजवर कुठं भेटला असतात तर ओळखलं कसं असतं?

थांबा, गाणं ऐकून दारात एक म्हातारा थबकलाय. म्हणतोय, "कालीत राहता ना रे? मग पळवा की तबकडी!"

जाड आवाज. निवांत.

लिहिणं थांबवते.

युरानी