वाटीभर रस्सा न वाढल्याबद्दल

चि. सर्जेराव,
आशीर्वाद. राग उतरला असला तर घे, न्हाईतर राहू दे.

माझ्या नातवाच्या जावळाला मी तुला तांबडा-पांढरा रस्सा वाढू दिला न्हाई, म्हणून तू ताटावरनं उठून वडगावला गेलास. चारचौघांत बहिणीनं हात आखडला म्हणं. आता फोन लावला की कट करतोस.

आरं, डॉक्टरीणबाईनं तुला आन् मला शेजारी बसवून सांगितलं हुतं. गाऊटला काळीज, वजडी बंद. मटण कधीमधी, दोन फोडी, बास. रस्सा न्हाईच, कारण मटणातलं बाधणारं शिजताना पाण्यात उतरतंय. तू काय केलंस? फोडी पोरांच्या ताटात टाकल्यास, वाट्यावर वाट्या रस्सा ओढलास आन् वर मलाच म्हणालास, "बघ आक्का, मटण सोडलं की न्हाई!" दुसऱ्या दिवशी पायाचा अंगठा वांग्यागत सुजला. चादर लागली तरी बोंबलत हुतास.

म्हणून जावळाला तुला नुसत्या दोन फोडी वाढल्या. कोल्हापुरात जेवायला बोलावून रस्सा न वाढणं म्हंजे काय, ते मला कळत न्हाई व्हय? पण तुझ्या मानापेक्षा मला तुझा पाय मोठा वाटला.

हे टपालात टाकणार न्हाई. टाकलं तर आक्का नमली म्हणून गावभर सांगशील. रविवारी मीच एसटीनं येते आन् तुझ्या बायकोसमोर अशाच नुसत्या दोन फोडी वाढते. परत ताटावरनं उठलास तर ऊठ. उठून जायला पाय तरी धड असंल.

तुझी थोरली,
आक्का