आठेच बठ

३ नोव्हें.
धुळ्याहून थेट गावी आले. दवाखान्यात आबांजवळ दादा. आबांची उजवी बाजू लुळी. गाडीत बसेपर्यंत बोलत होते, वाटेत नरडाण्यापुढे वाचा गेली. डॉ. म्हणतात, बोलायचा प्रयत्न करायलाच हवा. आबा भिंतीकडे तोंड करून पडतात.
घरी सरपंच (कुत्र्याला ही पदवी आबांचीच) गाडवाटेच्या मधोमध बसलेला. आबांना गाडीत बसवलं, तीच जागा.

४ नोव्हें.
कापसाचा ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजवून ड्रायव्हर दमला, सरपंच ढिम्म. शेवटी त्याने चाक चारीत घालून ट्रॅक्टर काढला. मी कुत्र्याला ओसरीत बांधलं. तासाभरात दोरी कुरतडून परत तिथेच. भाकर तिथे नेऊन दिली तर खातो. मेल्याला चाकाखाली जायचंय का? एखाद्या दिवशी जाईलच.

६ नोव्हें.
शेजारच्या सुमनअक्का वाटेत भेटल्या. त्यांना बघून सरपंच शेपटी हलवत अर्धा उठला. अक्का म्हणाल्या, "बठ्ठा कापूस येचाई गया, ताई." 'बठ्ठा' (म्हणजे सगळा) कानावर पडताच हा धपकन खाली! मला हसू आलं. अक्का हसल्या नाहीत.
"तुना आबानी गाडीमा बठताना त्याले सांगेल शे, आठेच बठ, मी येस. त्याले 'बठ'च आयकू येस."
आठेच बठ, म्हणजे इथेच बस. गाव दिवसभर बठ्ठा-बठ्ठा करतं आणि हा दर वेळी आबांचा हुकूम नव्याने पाळतो. मी समजत होते झुरतोय. हा तर ड्यूटीवर!

७ नोव्हें.
अक्का सांगतात, आबा "चाल भो" म्हणाले की उठायचा. मग काय, म्हणून बघितलं. गोडीने, दरडावून, आबांची टोपी घालूनसुद्धा. माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. टोपी काढली आणि घरात आले.

९ नोव्हें.
धुळे. आबांना सांगितलं, तुम्ही बसवलंय ना, अजून तिथेच बसलाय. पहिल्यांदा भिंतीकडून वळले. डोळ्यांतून पाणी. ओठ हलले, आवाज नाही. दादा चिडला, "कशाला रडवतेस?" मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१४ नोव्हें.
आबांना घरी आणलं. गाडी लांब थांबवून खुर्ची ढकलत सरपंचासमोर नेली. अंगभर थरथरतोय, शेपटी मातीत आपटतेय, कुंई कुंई चाललंय, पण बूड उचलत नाही. ज्याच्यासाठी बसला तो हातभर अंतरावर, तरी शब्द हवा! इतकं कोणी कोणाचं ऐकतं? पोटची पोर असून मी आबांचं एक ऐकलं नाही आजवर.
आबा: "च…"
दवाखान्यात साधा 'अ' काढला नव्हता.
दादा म्हणाला, कुत्र्याला उचलूनच आत नेतो. आबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. सोडेचनात.
संध्याकाळी आबांना आत आणलं. सरपंच बाहेरच.

१५ नोव्हें.
उजाडताच आबांनी दाराकडे बोट केलं. सकाळपासून खुर्ची गाडवाटेत. "च… चा…" सरपंचाचे कान ताठ, नजर आबांच्या ओठांवर. ट्रॅक्टरवाल्याला दादाने शेतातून वळवलं. मी चहा नेला, तर आबांनी कप बाजूला सारला आणि पुन्हा तोंड उघडलं.