दोनशे सत्तर की दोनशे ऐंशी

सोमवार, १७ एप्रिल. ४१ अंश फॅरनहाइट. वारा नाही.
शिकारीचं परमिट लागलं! अकरा वर्षं या राखीव डोंगराच्या सोडतीत नाव टाकत होतो. हॅगर्टी रिजचा डोंगर, नर एल्क (सांबराचा थोरला भाऊ), एक नग. बायकोला, मार्लिसला, ती काम करते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात फोन केला. म्हणाली, छान झालं, आता फोन ठेव, दोनशे पोरं ताटं घेऊन उभी आहेत.
आजपासून ही वही फक्त काडतुसांची. तापमान, वारा, दारूचं वजन, निकाल. घरगुती रडगाण्याची एक ओळसुद्धा नाही.

मंगळवार, १८ एप्रिल. ३८ अंश.
(फक्त पार्श्वभूमी म्हणून.) सासरे, म्हणजे आर्विड, गेली तेवीस वर्षं दर हिवाळ्यात दुसऱ्या डोंगरावरून, साध्या परवान्यावर, अर्धा एल्क आणून आमच्या फ्रीझरमध्ये टाकतात. तेवीस वर्षांत मी एकही पाडलेला नाही. कारणं वेगवेगळी, सगळी तांत्रिक. आता त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, डोंगर बंद झाला. फोनवर म्हणाले, जावईबापू, आमची पाळी संपली, आता तुमची. एवढंच म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.
फ्रीझरमध्ये सध्या मटार आणि कोणीतरी दिलेले रुबार्बचे आंबट देठ.
संकल्प: या हिवाळ्यात मांस आमच्या घरातून त्यांच्या घरी जाणार. फुशारकी मारायची नाही. फार तर किती यार्डांवरून ते सांगायचं.

मंगळवार, २ मे. ५५ अंश.
मुळाशी गेलो. लग्नात आर्विडनी दिलेली बंदूक २७० नंबरच्या काडतुसाची. दोष तिथेच. २७० आणि २८० ही काडतुसं एकाच आईच्या दोन लेकी. उंची, बांधा, घेर, सगळं जवळपास सारखं. फरक गोळीच्या जाडीत: एका इंचाचे सात हजारांश. पण ८०० यार्डांवर २८०ची गोळी साडेचार इंच कमी खाली पडते. साडेचार इंच! तेवीस वर्षांचं कोडं अर्ध्या तासात सुटलं.
मार्लिसला समजावून सांगितलं. सात हजारांश म्हणजे डोक्यावरचे साधारण दोन केस. म्हणाली, तुझ्याकडे तेवढेच उरलेत, ते बंदुकीत घालू नकोस.

गुरुवार, ११ मे. ६१ अंश.
२८० घेतली. दस्त्याला गडद पॉलिश मारलं, आता दोघी जुळ्या दिसतात. मार्लिसने विचारलं, ही कुठली? म्हटलं, तीच, तेल पाजलंय. मग भिंतीवर आहे ती? म्हटलं, तीपण तीच. तिने दोन्हींकडे बोट करून एक, दोन असं मोजलं. पटलं असावं.

रविवार, ४ जून. ६८ अंश. वारा पश्चिमेचा, मंद.
चाचणी सुरू. अर्धा-अर्धा ग्रेन (ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज) दारू चढवत साठ काडतुसं भरली. सीझनमध्ये मी साखर कारखान्याच्या काट्यावर बीटचे ट्रक तोलतो, तिथे अर्धा टन इकडेतिकडे झाला तरी कोणी विचारत नाही. इथे ग्रेनच्या दहाव्या भागासाठी मी श्वास रोखून धरतो. हेच माणसाचं खरं रूप.
आर्विड घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन नेमबाजीच्या मैदानावर आले होते. साठावा बार झाल्यावर म्हणाले, एल्क कुठे आहेत ते बघून आलात का रिजवर? म्हटलं, आधी काडतूस, मग एल्क. म्हणाले, बरं, मी त्यांना निरोप पाठवतो थांबायला.

रविवार, ९ जुलै. ८८ अंश.
ऐतिहासिक दिवस. २८०च्या तीन गोळ्यांची निशाणावरची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. आर्विडनी त्यांच्या कोटाच्या खिशातली दुकानची तीन काडतुसं काढली, कधीची कोण जाणे, एकाला चुइंगम चिकटलेला. ती २७०तून झाडली. तीही त्याच नाण्याखाली झाकली गेली.
नोंद: ऊन फार होतं. चाचणी ग्राह्य नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट. ९१ अंश.
रिज बघायला जायचं म्हणून आठवडाभर रजा घेतली होती. त्याऐवजी काडतुसांच्या दोनशे रिकाम्या पुंगळ्या तोलून चार ढीग केले. रिज काही पळून जात नाही. पुंगळ्यांचं मात्र आजच करायला हवं होतं. का, ते थोडक्यात सांगणं अवघड आहे.

शनिवार, १६ सप्टेंबर. ६० अंश.
जेवणानंतर आर्विडना तक्ते दाखवले. सव्वा तास अगदी लक्ष देऊन ऐकत होते, नंतर लक्षात आलं की झोपलेत. जागे झाल्यावर म्हणाले, म्हणजे ते साडेचार इंच मोजेपर्यंत एल्क उभा राहतो?
झोपेतून उठलेल्या माणसाचे प्रश्न मनावर घेऊ नयेत.

शनिवार, २१ ऑक्टोबर. ३६ अंश.
शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. मी काट्यावर. बीटचा हंगाम भरात, रजा ऑगस्टमध्येच खर्च झाली (पुंगळ्या). समोरून एकामागून एक पिकअप रिजकडे जात होते. कीव आली. त्यांच्यातल्या एकाने तरी पुंगळ्या तोलल्या असतील का?

रविवार, ५ नोव्हेंबर. २४ अंश. वारा उत्तरेचा, बोचरा.
रिजवर पहिला दिवस. नकाशावरून जागा निवडली: उघडा कडा, समोर बरोबर ८०० यार्ड मोकळं कुरण. बंदुकीवरच्या दुर्बिणीची अंतराची चकती ८००वर फिरवून ठेवली (म्हणजे नळी तेवढी वर धरली जाते), पुन्हा विचार करायला नको. नऊ तास बसलो. दोन मॅगपाय पक्षी आले.
आर्विड फोनवर म्हणाले, तिथे काय करताय? असल्या वाऱ्यात एल्क उघड्यावर येतो होय कधी? खाली ओढ्याकाठच्या पाइनमध्ये बसा. पण तिथे ऐंशी यार्डांपलीकडचं काही दिसत नाही. मग २८० घेतली कशाला?

शनिवार, १८ नोव्हेंबर. १७ अंश. बर्फ.
शांतपणे लिहितो.
सकाळी ९.२०. कड्यावर बसलो होतो. पाठीमागे काटकी मोडली. वळून पाहिलं तर एल्क. सहा फाट्यांची शिंगं, अंगावर बर्फ, ऐंशी पावलांवर, आडवा उभा. बंदूक खांद्याला लावली. दुर्बीण सगळ्यात जास्त पटीवर होती. आत नुसती लोकर. पुढचं अंग कुठलं, मागचं कुठलं, काही कळेना. लोकरीच्या मध्यावर नेम धरला. उडवली.
चकती अजून ८००वर होती.
गोळी पाठीवरून निघून गेली. एल्कने माझ्याकडे पाहिलं. पळाला नाही, हे नमूद करतो. चालत गेला.
परत आल्यावर गणित मांडलं. ८००वर लावलेली गोळी ऐंशी यार्डांवर सोळा इंच वर जायला हवी. पाठीच्या वर किती गेली ते आठवून पाहिलं: जुळतं! म्हणजे काडतूस बिनचूक. तांत्रिकदृष्ट्या हे यश आहे.
मार्लिसला तसंच सांगितलं. म्हणाली, मग ते यश कापून पाकिटं कर, नावं घालून फ्रीझरमध्ये रच.

गुरुवार, २३ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगचा सण. वारा बघितला नाही.
जेवण आर्विडकडे. मला वाटलं होतं विचारतील. उत्तर तयार होतं, तक्त्यासकट. त्यांनी काही विचारलं नाही. बटाटे इकडे सरकवा म्हणाले. मार्लिसचे भाऊ हसले तेव्हा त्यांनी एकदा नुसतं वर पाहिलं, हसणं थांबलं.
निघताना दारापर्यंत काठी टेकत आले. माझी कॉलर नीट केली. म्हणाले, तीन दिवस आहेत अजून.


रविवार, २६ नोव्हेंबर. ११ अंश. मोसमाचा शेवटचा दिवस.
पाइनमध्ये बसलो, आर्विड सांगतात तिथेच. जवळचा नेम म्हणून २७० घेतली होती. चकती तपासली. पाच वेळा. दुपारी तीनच्या सुमाराला ओढ्यापलीकडे फट दिसली. तिथून आला तर दोनशे यार्ड होतात. दोनशेला कुठली बरी? मनात दोन्ही बाजू मांडल्या. शेवटी पिकअपपर्यंत जाऊन २८० आणायचं ठरवलं. जायला-यायला अर्धा तास.
परत आलो. बर्फात माझे बूट गेल्याच्या खुणा, आणि त्यांच्यावर खूर. माझ्या बसायच्या गादीवर एक अख्खा खूर. थर्मास लवंडलेला. खुणा ताज्या होत्या, कडा अजून मोडत होत्या.
अंधार पडेपर्यंत बसलो. मोसम संपला, परमिट संपलं. पुन्हा लागायला अकरा वर्षं धरली तर मी त्रेसष्ट.
मार्लिसने सूप गरम करून दिलं.

मंगळवार, २८ नोव्हेंबर. १९ अंश.
सकाळी आर्विड गुडघ्यांच्या व्यायामाला शहरात निघाले होते. काउंटी रोडच्या वळणावर एल्क रस्त्यात उतरला. गाडीचं तोंड पार आत गेलं. एल्क जागच्या जागी ठार. आर्विडना काही झालं नाही, कोटाचं बटण तुटलं म्हणून मात्र चिडलेत. शेरिफच्या माणसाने तिथेच फोनवर रस्त्यात मेलेल्या जनावराचं मांस घरी न्यायचं परमिट काढून दिलं. त्याला अकरा वर्षं लागत नाहीत. पाच मिनिटं लागली.
सगळेजण आमच्या गॅरेजमध्ये कापायला. एवढं मोठं टेबल माझंच, काडतुसं भरायचं. मार्लिसने तराजू, साचे, दारूचे डबे आणि चार ढीग एका खोक्यात लोटले. चारही एकाच खोक्यात. मी हाड धरून उभा होतो.
अर्धा एल्क आमच्या फ्रीझरमध्ये. चोविसावा.
नियमाप्रमाणे नोंद:
गोळी: निळी गाडी. वजन दोन कोटी त्र्याहत्तर लाख ग्रेन. वेग सेकंदाला ६६ फूट. अंतर शून्य यार्ड. मारा २८०च्या चौऱ्याण्णव पट. चकती फिरवलेली नाही.

बुधवार, २९ नोव्हेंबर. २२ अंश.
आर्विडचा फोन. म्हणाले, जावईबापू, गाडी भंगारात गेली, दुसरी घ्यावी लागेल. दोन बघून ठेवल्यात, एक लाल, एक करडी, बाकी मला तर सारख्याच दिसतात. तुमचा अभ्यास दांडगा. कुठली घेऊ?
तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं मत विचारलं. आवाज थट्टेचा नव्हता. दोनदा आठवून पाहिला.
लगेच तक्ता आखायला घेतला. वजन, लांबी, ब्रेकचं अंतर, थंडीत सुरू व्हायला लागणारा वेळ. दोन्ही गाड्यांच्या रुंदीत सहा दशांश इंचाचा फरक आहे आणि तो कशामुळे हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. घाईचं काम नव्हे. मार्चपर्यंत निष्कर्ष देतो असं कळवलं.
मार्लिस म्हणाली, बाबांना शुक्रवारी व्यायामाला जायचंय, ते आज दुपारीच जाऊन लाल घेऊन आले.